सांगली-साताऱ्यात स्वतःचे घर बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत घरांची कामे करताना मालकमंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एक निरीक्षण सुरुवातीलाच नोंदवतो. टाइल्स निवडण्यासाठी तीन रविवार खर्च करणारा मालक पाया भरण्याच्या दिवशी मात्र भावकीतल्या लग्नाला गेलेला असतो. टाइल्स दहा वर्षांनी बदलता येतात. जमिनीखाली गाडलेले आणि काँक्रीटमध्ये बुजलेले काहीही नंतर बदलता येत नाही, त्यामुळे पुढील बहुतेक उत्तरांचा रोख त्या न दिसणाऱ्या कामाकडे आहे.

प्लॉट घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा हे तीन कागद प्रथम पाहावेत आणि त्यांवरील क्षेत्र जागेवर फिता धरून मोजावे. आपल्याकडे बोलण्यात गुंठा असतो आणि सातबाऱ्यावर आर असतो. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तर आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फुटांचा भरतो. फरक लहान वाटतो, पण दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये तो सामासिक अंतराच्या (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेच्या) हिशेबात जाणवतो. जमीन बिगरशेती आहे का, प्लॉट मंजूर रेखांकनातला आहे की गुंठेवारीतला (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेला), आणि पोहोचरस्ता नकाशावर दाखवलेला आहे की केवळ शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चालू आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. तोंडी दाखवलेल्या रस्त्याने खडीचा डंपर आत येत नाही तेव्हा त्या चांगुलपणाची किंमत कळते.

बांधकाम परवानगीसाठी डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सामासिक अंतरे, उंची आणि चटई क्षेत्र (एकूण किती बांधता येईल ते) त्यानुसार ठरते. शेजाऱ्याने किती जागा सोडली आहे ते पाहून आपला नकाशा काढू नये, कारण शेजाऱ्याचे घर जुन्या नियमांतले किंवा नियमाबाहेरचे असू शकते.

सांगलीत पूररेषेजवळचा प्लॉट स्वस्त मिळत आहे. घ्यावा का?

निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आतील प्लॉट कोणत्याही किमतीला घेऊ नये. तो निषिद्ध भाग असून तेथे नवीन घराला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या (साधारण १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) मधल्या पट्ट्यात बांधता येते, परंतु जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर उंच ठेवावी लागते. प्लॉट खोलगट असेल तर एवढ्या उंचीचा भराव आणि त्याच्या बाजूच्या भिंती यांचा खर्च प्लॉटमध्ये वाचलेल्या पैशांहून अधिक होतो, म्हणून व्यवहार करण्यापूर्वीच तो काढून घ्यावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना सांगावे लागत नाही. मात्र पुलावरील फूट म्हणजे आपल्या प्लॉटवरील फूट नव्हे. यावर साधा उपाय असा, की आसपासच्या जुन्या घरांच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा कोठे आहेत ते विचारावे आणि सर्वेक्षकाकडून ऑटो लेव्हल (उंची मोजण्याची दुर्बीण) लावून ती उंची आपल्या प्लॉटवरील एका खुंटीवर उतरवून घ्यावी. अशा भागात विजेचा मीटर, मुख्य स्विच आणि पंपाचा स्टार्टर त्या रेघेच्या वर घ्यावा, आणि मैलापाण्याच्या पाइपवर उलटे पाणी अडवणारी झडप बसवावी. पुराचे पाणी दारातून येण्यापूर्वी बहुतेक वेळा न्हाणीघरातून येते.

काम कोणत्या महिन्यात सुरू करावे?

दिवाळीनंतर. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या खड्ड्यांत पाणी साठते आणि बाजू ढासळतात. कार्तिक-मार्गशीर्षात पाया घेतला तर वीटभट्ट्यांची नवी वीट येईपर्यंत जोते तयार होते आणि जूनपूर्वी डोक्यावर स्लॅब येतो. एप्रिल-मे महिन्यात स्लॅब असेल तर वळिवासाठी प्लास्टिकचा कागद जागेवर आणून ठेवावा. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत मात्र उन्हाळ्यात क्युरिंगला (काँक्रीट ओले ठेवण्याला) पाणी मिळेल का, हे आधी पाहावे. टँकरचे पाणी घरात पिण्यासाठी ठेवायचे की स्लॅबवर सोडायचे, असा प्रसंग आला की स्लॅब हरतो.

काळ्या मातीत पाया किती खोल घ्यावा?

याचे उत्तर फुटांत विचारले जाते, ते मुळात थरात द्यावे लागते. काळी माती संपून कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जावे. काही प्लॉटवर मुरूम चार-पाच फुटांवर लागतो, तर कृष्णेच्या आणि वारणेच्या काठच्या गाळाच्या जमिनीत तो पंधरा फुटांवरही हाती येत नाही. म्हणून नकाशा करण्यापूर्वी घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर दोन चाचणीखड्डे घ्यावेत. एका दिवसाच्या जेसीबीच्या भाड्यात पायाच्या निम्म्या शंका संपतात.

ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्या देशातील काळ्या मातीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते. माती किती फुगते हे पाहण्याची एक सोपी चाचणी प्रयोगशाळेत होते. वाळवून चाळलेल्या दहा-दहा ग्रॅम मातीचे दोन नमुने घेतात, एक मोजपात्रात पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे पाण्यातील मातीने त्याहून किती अधिक जागा घेतली यावरून फुगवण कळते. ती ५० टक्क्यांच्या वर गेली तर साध्या पायावर भरवसा ठेवू नये आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुरूम आवाक्यात असेल तर प्रत्येक कॉलमचे फूटिंग (कॉलमचा रुंद तळ) मुरमावर टेकवावे. तो फार खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, खाली कंद असलेले काँक्रीटचे खांब, हा पर्याय आहे. त्यात पाइलच्या डोक्यांवरून बीम फिरवतात आणि बीमच्या तळाशी तीन-चार इंचांची पोकळी राखतात, जेणेकरून फुगणारी माती बीमला खालून उचलणार नाही. ही पोकळी 'मोकळे कशाला ठेवायचे' म्हणून मातीने भरून टाकण्याची गवंड्यांना सवय असते. त्या दिवशी मालकाने तेथे उभे राहावे.

जोत्याच्या आतील भरावाला खोदलेली काळी माती वापरू नये. ती शेतात जाऊ द्यावी, शेतकरी आनंदाने उचलून नेतात. भराव मुरमाचाच असावा, सहा ते आठ इंचांच्या थरांनी घालावा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसावा. थर न पाडता नुसते पाणी सोडून एकदम तीन फूट भराव 'बसवला' तर पुढे दोन वर्षांनी फरशी पोकळ वाजू लागते. घराभोवती पाच-सहा फुटांची उताराची फरसबंदी करावी, म्हणजे भिंतीलगतच्या मातीचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. निलगिरी, वड, पिंपळ भिंतीजवळ लावू नयेत.

माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी मुख्य इमारतीचा पाया मी मुरमापर्यंत नेला आणि कुंपणाची भिंत 'कुंपणच तर आहे' म्हणून अडीच फुटांवर काळ्या मातीतच उभी केली. दुसऱ्या उन्हाळ्यात गेटच्या खांबापासून तिरकी भेग गेली. मे महिन्यात तिच्यात दोन रुपयांचे नाणे उभे आत जाई आणि ऑगस्टमध्ये तीच भेग इतकी मिटे, की पाहुण्यांना दाखवताना बोट फिरवून शोधावी लागे. तीन वेळा सिमेंटने बुजवली, तिन्ही वेळा उघडली. शेवटी तेवढा भाग पाडून नव्याने बांधला.

साताऱ्याकडे लगेच मुरूम किंवा खडक लागतो. तेथे पाया सोपा का?

सपाट जागेवर सोपा, उतारावर नाही. अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वरच्या बाजूच्या उतारावर डोंगराकडील माती कापून ती दरीकडे भरतात आणि तयार झालेल्या पट्टीवर घर बसवतात. अशा घराचा मागचा अर्धा भाग खडकावर आणि पुढचा अर्धा भरावावर राहतो, आणि चार पावसाळ्यांत घराच्या मधोमध भेग जाते. सर्व फूटिंग मूळ जमिनीत उतरवावेत, भले पुढच्या बाजूचे कॉलम उंच करावे लागले तरी. धारणभिंतीला पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे आणि तिच्या मागे दगडगोट्यांचा थर हवा. पाण्याने भरलेली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जोराने ढकलते आणि बहुतेक धारणभिंती मातीमुळे नव्हे, अडलेल्या पाण्यामुळे पडतात.

पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे जुलै २०२१ मध्ये दरडींनी घरे गाडली. डोंगराच्या पायथ्याला जुना ओघळ, वाकलेली झाडे किंवा वरच्या उतारावर जमिनीला भेग दिसत असेल, तर तेथे कोणताही पाया पुरेसा नाही. जागा बदलावी.

आमचे घर एकमजली आहे. भूकंपाचा विचार खरेच करावा लागतो का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा पडलेली बहुसंख्य घरे बैठी आणि दगड-मातीची होती. त्यामुळे मजल्यांच्या संख्येवरून निर्धास्त राहू नये.

भूकंपासाठी लागणारा जादा खर्च लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो, कारण त्यातील बराच भाग पैशांचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे. कॉलम आणि बीमच्या रिंगांचे (मुख्य सळयांना कवळणाऱ्या कड्यांचे) टोक काटकोनात न वाकवता १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवावे आणि वळणापुढे अडीच-तीन इंच शेपूट ठेवावे. काटकोनी टोक हादऱ्यात उघडते आणि रिंग सुटते. आठ मिलिमीटरच्या एका रिंगमागे हा फरक काही इंच सळईचा आहे. कॉलमच्या खालच्या आणि वरच्या टोकाला रिंगा दाट, चार इंचांच्या आत घ्याव्यात. सळयांचा जोड स्लॅबच्या लगेच वर न घेता कॉलमच्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात यावा. फिटर मंडळी हे ऐकून नाराज होतात, कारण उंच सळया सांभाळून उभ्या ठेवाव्या लागतात. नाराज होऊ द्यावे.

कॉलम भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. भूकंपरोधक बांधणीचे भारतीय मानक २०१६ पासून कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर मागते. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंचांचा कोपरा बाहेर आला तर कपाट थोडे सरकवावे लागेल, यापलीकडे त्यात तोटा नाही. कॉलम न घेता भिंतींवरच स्लॅब टाकणार असाल, तर जोते, लिंटेल (दार-खिडक्यांचा माथा) आणि स्लॅब या तिन्ही पातळ्यांवर सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा घ्यावा. खिडकीपुरता तुटक लिंटेल पुरेसा नाही.

काम मजुरीवर द्यावे की साहित्यासह?

घरातील एक माणूस रोज जागेवर दोन तास देऊ शकत असेल तर मजुरीवर, अन्यथा साहित्यासह. मजुरीच्या मक्त्यात साहित्याचा दर्जा आपल्या हातात राहतो, परंतु सिमेंटची नासाडी आणि गाडीच्या मापातली तूटही आपल्याच गळ्यात पडते.

कोणत्याही पद्धतीत करार कागदावर करावा आणि दर कोणत्या क्षेत्रावर आहे हे त्यात स्पष्ट लिहावे. वाद येथेच होतात. बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी, छज्जा धरायचा की नाही, पाण्याची टाकी, कंपाउंड, जिना आणि शोषखड्डा दरात आहेत की 'जादा काम' आहेत, हे आधी ठरले नाही तर शेवटच्या बिलात ठरते. हप्ते तारखांवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधावेत, आणि एकूण रकमेपैकी पाच टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवण्याची अट घालावी. चांगला ठेकेदार या अटीला फारशी हरकत घेत नाही.

साहित्य किती लागेल आणि गाडी कशी मोजायची?

ढोबळ मानाने दर चौरस फूट बांधकामाला साडेतीन ते साडेचार किलो लोखंड आणि ०.४ ते ०.५ पोते सिमेंट लागते. हा आकडा फक्त पैशांची जुळवाजुळव करण्यासाठी वापरावा, ऑर्डर इंजिनिअरच्या यादीवरून द्यावी.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा आतून मोजावा. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि मालाची सरासरी उंची अडीच फूट असेल तर १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास झाला. मधोमध ढीग आणि कडेला खळगे असतील तर ढीग फावड्याने सपाट करून मग उंची घ्यावी. ओली वाळू २० ते ३० टक्क्यांपर्यंत फुगलेली असते, त्यामुळे ओल्या वाळूचा पूर्ण ब्रास सुकल्यावर पूर्ण राहत नाही. सळईचे वजन काट्याशिवायही पडताळता येते. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची सळई सुमारे १०.७ किलो भरली पाहिजे.

क्रश सँड चालते का? आणि बोअरचे खारे पाणी?

क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते; क्रशरची डस्ट, म्हणजे उरलेली भुकटी, चालत नाही. दोन्ही राखाडी दिसतात, म्हणून विकणाऱ्याला फावते. मूठभर माल तळहातावर चोळावा. हातावर पिठासारखी पूड चिकटून राहिली तर गाडी परत पाठवावी. नदीच्या वाळूसाठी काचेच्या उभ्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ढवळावे व तीन तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या सात-आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

मिरज, वाळवा, पलूस या भागांत अतिपाण्याने क्षारपड झालेली जमीन पुष्कळ आहे आणि तेथील उथळ बोअरचे पाणी अनेकदा खारे लागते. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, कारण ते लोखंडाला आतून गंज चढवते. पाण्याची चाचणी किरकोळ खर्चात होते. पाणी खारे निघाल्यास ते काँक्रीटलाही वापरू नये आणि क्युरिंगलाही नाही. शेजाऱ्याच्या घराच्या जोत्यावर क्षाराची पांढरी फुले आलेली असतील तर चाचणीचे उत्तर तुम्हाला आधीच मिळाले आहे.

भाजकी वीट की ब्लॉक?

चांगली भाजकी वीट मिळत असेल तर वीट. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजाव्यात, कंबरेच्या उंचीवरून मातीवर पडल्यावर तुटू नयेत, आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक हलके असतात आणि काम भराभर होते, पण त्यांच्या भिंतीत जड कपाटाचा किंवा गिझरचा भार घ्यायचा तर वेगळे फास्टनर लागतात. काहीही वापरले तरी भिंत आणि कॉलम-बीम यांच्या सांध्यावर गिलाव्यापूर्वी कोंबडीजाळी मारावी. ती न मारलेल्या घरात पहिल्या वर्षीच सरळ उभ्या-आडव्या रेघा उमटतात आणि मालक भूकंपाची भीती घेऊन आमच्याकडे येतो.

स्लॅबच्या दिवशी मालकाने काय करावे?

जेवणाची व्यवस्था घरातील दुसऱ्यावर सोपवावी आणि स्वतः मिक्सरपाशी उभे राहावे.

आदल्या दिवशी इंजिनिअरकडून सळयांची तपासणी लेखी करून घ्यावी. स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) मिळेल असे कव्हर ब्लॉक सळईखाली बांधलेले हवेत. खडीचे तुकडे किंवा फरशीचे काप सरकवून ठेवणे ही पळवाट आहे. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि माणसे तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबतात, म्हणून तेथे खुर्च्या (सळई वर उचलून धरणारे सळईचे आधार) पुरेशा आहेत का हे पाहावे व चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात. सेंटरिंगच्या (ओल्या काँक्रीटला तोलणाऱ्या साच्याच्या) टेकूंखाली मऊ माती असेल तर जाड फळी द्यावी.

काँक्रीट किमान एम-२० दर्जाचे (एम पुढचा आकडा ताकद दाखवतो) असावे. सिमेंटच्या पोत्याला पाणी २५ लिटरच्या आसपास पुरते आणि साडेसत्तावीसच्या पुढे जाऊ नये. हा आकडा लक्षात ठेवण्याचे कारण असे, की दुपारी अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर आणि माणसे दमल्यावर, मिक्सरवरचा मुकादम हमखास विचारतो, "मालक, माल लई घट्ट हाय, जरा पाणी सोडू काय?" मालकाला तो माल खरोखरच घट्ट दिसतो आणि तो मान डोलावतो. त्या एका मान डोलावण्याने काँक्रीटची ताकद ठळकपणे घटते, कारण जादा पाणी पुढे उडून जाते आणि आपल्यामागे बारीक छिद्रे ठेवते. माल सरकत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवावा किंवा इंजिनिअरच्या सल्ल्याने प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) घालावे. पाण्यासाठी बादलीऐवजी खूण केलेला डबा ठेवला की वाद उरत नाही.

व्हायब्रेटर दोन ठेवावेत, एक बंद पडतोच. १५० मिलिमीटरचे किमान सहा क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) भरून घ्यावेत, तीन सात दिवसांच्या आणि तीन अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीसाठी. क्यूब भरताना पाहिले की माणसे मालही जपून कालवतात, हा त्यांचा दुसरा उपयोग आहे.

पाणी किती दिवस मारावे आणि सेंटरिंग कधी काढावे?

साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान सात दिवस आणि कडक उन्हाळ्यात दहा दिवस. राखमिश्रित सिमेंटला (पीपीसी) किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस. आपल्याकडे बाजारात बहुतांशी पीपीसी येते, म्हणून चौदा धरून चालावे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणे आणि मध्ये कॉलम कोरडा होऊ देणे याला क्युरिंग म्हणत नाहीत.

साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा आणि त्यापुढील बीमचे एकवीस दिवस ठेवावेत. या मुदती ओपीसीसाठी आहेत. पीपीसी वापरली असेल तर त्या वाढवाव्यात. सेंटरिंगवाल्याला प्लेट दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, तुम्हाला नाही.

गच्ची गळू नये म्हणून?

उतार. रसायनांच्या डब्यांपूर्वी उतार. शंभरात एक या प्रमाणात पाणी पाइपाकडे वाहिले पाहिजे आणि पाइप संख्येने व व्यासाने पुरेसे हवेत. वीट-कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) करून कठड्याच्या भिंतीवर फूटभर गोलाई चढवावी, कारण गळती बहुधा कोपऱ्यातून सुरू होते. काम झाल्यावर तीन दिवस पाणी तुंबवून खालून पाहावे आणि मगच ठेकेदाराचा तो हप्ता द्यावा. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात सपाट स्लॅबवर उतरते पत्र्याचे छप्पर घ्यावे, तेथील पावसाशी सपाट गच्चीने वाद घालू नये.

वास्तुशास्त्र पाळावे का?

ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी नकाशा काढण्यापूर्वी पाळावे. जोते झाल्यावर जिना हलवणे किंवा कॉलम वगळणे कोणत्याही कारणाने मान्य करू नये.

वायरिंग आणि नळकामात कोठे चुकते?

दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार असावी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. अर्थिंगचा खड्डा जेथे ओल टिकते अशा जागी घ्यावा. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर फिता धरून पाइप आणि कंड्युटचे (तारांच्या नळ्यांचे) फोटो काढावेत. पुढे पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारताना हे फोटो उपयोगी पडतात.

शोषखड्डा भरून का येतो?

काळी माती पाणी खाली झिरपू देत नाही म्हणून. खड्डा मुरमात उतरला पाहिजे आणि विहीर किंवा बोअरपासून किमान १८ मीटर दूर असला पाहिजे. पावसाचे पाणी मात्र वेगळे ठेवावे. माण किंवा आटपाडीत वर्षाला अवघा ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी १००० चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडते आणि गळती-बाष्प वजा जाता ३५ हजारांच्या पुढे हाती लागते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळणीतून टाकीत घ्यावे.

घर पूर्ण झाल्यावर कोणते कागद जपावेत?

भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल नकाशे, क्यूबचे अहवाल आणि वर सांगितलेले फोटो. प्रत्यक्षात जसे बांधले तसे दाखवणारा, म्हणजे सेप्टिक टाकीचे झाकण, भूमिगत पाइप, अर्थिंगचा खड्डा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे हे अंतरांसह दाखवणारा एक हाताने काढलेला नकाशाही करून घ्यावा. त्याची एक प्रत लॅमिनेट करून मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावी, कारण रात्री दहाला पाइप फुटतो तेव्हा फाइल कोणाला सापडत नाही.